दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी नक्की कुठे मिळाली?

भीमाकाठ

रविवारी आमच्याकडे जेवणं झाल्यावर विषय निघाला आणि चहाचे दोन फेरे झाले तरी मिटला नाही. भाचा नववीत आहे. त्याने विचारलं, "मामा, दुसऱ्या महायुद्धात पारडं फिरलं ती लढाई कोणती?" मेव्हणे लगेच म्हणाले, स्टालिनग्राड. भाच्याच्या मते नॉर्मंडी, म्हणजे १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या ती लढाई, कारण त्याने त्यावरचे व्हिडिओ पाहिलेत. मी तिसरंच सांगितलं आणि दोघंही माझ्यावर तुटून पडले. म्हणून हा धागा.

माझ्या मते पारडं एका लढाईत फिरलं नाही, एका आठवड्यात फिरलं. ५ ते ११ डिसेंबर १९४१.

२२ जून १९४१ ला हिटलरने रशियात तीस लाखांहून जास्त सैन्य घुसवलं ते काही महिन्यांत काम उरकायचं या हिशेबाने. डिसेंबर उजाडला तेव्हा त्याचं सैन्य मॉस्कोपासून तीस किलोमीटरच्या आत होतं, पण अंगावर थंडीचे कपडे पुरेसे नव्हते आणि गाड्यांचं तेल गोठत होतं. ५ तारखेला रशियाने उलटा हल्ला चढवला आणि जर्मन फौज पहिल्यांदा एवढी मागे रेटली गेली. ७ तारखेला जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला. ११ तारखेला हिटलरने स्वतःहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. जपानशी असलेल्या कराराने तो तसा बांधलेलाही नव्हता, कारण पहिला वार जपानने केला होता.

म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला जर्मनीपुढे दमलेला ब्रिटन आणि घायाळ रशिया होते. पंधरवडा संपायच्या आत समोर अमेरिकेचे कारखाने उभे राहिले. पुढची साडेतीन वर्षं रक्त सांडलं, पण हिशेब त्या आठवड्यातच बदलला होता.

तुमचं मत सांगा. एकच निवडा आणि कारण द्या.

रणांगण_वाचक

कलाटणी म्हणजे काय ते आधी ठरवू या, नाहीतर सगळे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत बसतील. "जर्मनी आता जिंकू शकत नाही" हा एक क्षण. "जर्मनी आता हरणारच" हा दुसरा. डिसेंबर १९४१ पहिल्यात बसतो, हे मान्य. पण त्यानंतर १९४२ चा अख्खा उन्हाळा जर्मनी पुढेच सरकत होता. काकेशसच्या तेलापर्यंत हात पोचत आला होता. तिकडे जपानने १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर घेतलं, मार्चमध्ये रंगून घेतलं. तेव्हा लंडनमध्ये किंवा मुंबईत बसलेल्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, कसली कलाटणी?

माझं मत मेव्हण्यांना. स्टालिनग्राड.

लिंबोणी

वाचतेय. भाच्यालाही इकडे आणा.

शेवंती

मी वैद्यकीय शिक्षण वोल्गोग्राडला घेतलं, म्हणजे जुन्या स्टालिनग्राडला. सहा वर्षं तिथे राहिले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तिथे लढाई पुस्तकात शोधावी लागत नाही, ती रस्त्यात दिसते. व्होल्गाच्या काठाला एक लाल विटांची पिठाची गिरणी आहे, गोळ्यांनी चाळण झालेली. ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. समोर पावलोव्हचं घर, जिथे मूठभर सैनिकांनी दोन महिने जर्मनांना अडवून धरलं. आणि ममायेव कुर्गान ही टेकडी. नकाशावर तिचं नाव नुसतं "१०२ उंची" असं होतं. ती किती वेळा या हातातून त्या हातात गेली याला गणती नाही. आज तिच्यावर मातृभूमीचा तलवार उगारलेला पुतळा आहे, तलवारीच्या टोकापर्यंत ८५ मीटर उंच. वर जायला दोनशे पायऱ्या, लढाईच्या दोनशे दिवसांच्या म्हणून. पहिल्या वर्षी मी त्या पळत चढले होते. घरमालकीण आजी सोबत होत्या. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, हळू चढ, इथे खाली माणसं आहेत. त्यांचे दोन मामा तिथेच गेले होते. नंतर मी तिथे कधी पळाले नाही.

आता मूळ प्रश्न. ऑगस्ट १९४२ पासून जर्मन शहरात घुसत होते, घराघरात, जिन्याजिन्यावर लढाई चालली होती. पण कलाटणी शहरात मिळाली नाही. १९ नोव्हेंबरला शहराच्या बाहेर, दोन्ही बगलांना मिळाली. तिथे रुमानियन फौजा होत्या. त्यांच्याकडे रणगाड्यांना भिडेल अशा तोफा फार थोड्या होत्या. रशियनांनी नेमकं तिथेच फोडलं आणि चार दिवसांत अडीच लाखांहून अधिक माणसं कोंडली. जर्मन हवाईदलप्रमुख गोअरिंगने विमानांनी रसद पोचवायचा शब्द दिला. रोज किमान ३०० टन माल लागणार होता, सरासरीने त्याच्या निम्माही पोचला नाही. ३० जानेवारीला हिटलरने कोंडलेल्या फौजेचा सेनापती पाउलस याला फील्डमार्शल केलं, कारण जर्मन फील्डमार्शल कधी जिवंत शरण जात नसे. दुसऱ्याच दिवशी तो शरण गेला. २ फेब्रुवारी १९४३ ला सगळं संपलं. सुमारे ९१ हजार कैदी झाले. त्यातले जेमतेम पाच-सहा हजार पुढे घरी पोचले.

दर वर्षी २ फेब्रुवारीला शहर थांबतं. उणे पंधरात आजीआजोबा फुलं घेऊन उभे असतात. माझं मत अर्थातच स्टालिनग्राड, पण ते आता मत राहिलेलं नाही, याची मला कल्पना आहे.

करवीरकर

शेवंतीताई, तुमच्या आजींचं वाक्य वाचून थांबलो.

ही कोंडी आणि रसद वाचून पानिपतच आठवतं. अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली, गोविंदपंत बुंदेले पडले, आणि भाऊसाहेबांची छावणी उपाशी मरू लागली. पाउलसचंही तेच झालं.

रणांगण_वाचक

करवीरकर, अर्धंच पटतं. रसद तुटली इथपर्यंत बरोबर. पण भाऊसाहेब १४ जानेवारीला कोंडी फोडायला बाहेर पडले आणि लढून पडले. उपाशी मरण्यापेक्षा लढू, हा निर्णय छावणीतल्या लोकांचा होता. पाउलसला बाहेर पडायची परवानगीच नव्हती. बाहेरून जर्मन सेनापती मानस्टाइनची कुमक डिसेंबरात जवळ येऊन थांबली, तरी हा आतून हलला नाही. हजारो किलोमीटर दूर बसलेला माणूस नकाशावर बोट ठेवून "तिथेच राहा" म्हणत होता.

इंजिनवाला

रसदेवर आलातच तर माझा मुद्दा. मी तीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात काढली, त्यामुळे मला लढाईआधी चाकं दिसतात.

कलाटणी मशिनवर मिळाली. १९४१ च्या उत्तरार्धात रशियाने पंधराशेच्या वर कारखाने उचलून पूर्वेकडे, बरेचसे उरल भागात नेले. यंत्रं रेल्वेच्या उघड्या डब्यांवर घातली, सोबत कामगार आणि त्यांची बायकापोरं. काही ठिकाणी छप्पर चढायच्या आधी यंत्र सुरू झालं. माझ्या कारखान्यात एक प्रेस एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. पाया, समतल, विजेची जोडणी, सगळं पुन्हा. म्हणून सांगतो, हे काम काय आहे ते हात काळे केलेल्यालाच कळेल. चेल्याबिन्स्कला तर लोक पुढे "टँकोग्राड"च म्हणू लागले.

दुसरी बाजू अमेरिकेची. उसनवार-भाडेपट्टा कायद्याखाली रशियाला चार लाखांहून जास्त ट्रक आणि जीप मिळाल्या. बराचसा माल इराणमार्गे वर गेला. त्यातला स्टुडबेकर ट्रक रशियन सैनिकांचा इतका लाडका की नावच त्यांच्या बोलीत मुरलं. जर्मन सैन्याचं काय? आपल्याला चित्रात रणगाडे दिसतात, पण त्यांची बहुतेक रसद आणि तोफा शेवटपर्यंत घोडे ओढत होते.

शेवंती

इंजिनवाला, पूर्ण मान्य, फक्त काळाचा एक मुद्दा. ते ट्रक मोठ्या संख्येने आले १९४३ पासून. स्टालिनग्राडच्या वेळी फार थोडे होते. तुमचे ट्रक खरे दिसतात ते २२ जून १९४४ नंतर, बेलारूसमध्ये. ऑपरेशन बाग्रातियॉन, म्हणजे रशियाचा मोठा हल्ला. नॉर्मंडी ६ जूनला झालं म्हणून जगाचं लक्ष तिकडे, आणि इकडे पंधरा दिवसांनी जर्मनीचा मधला सैन्यसमूह जवळजवळ पुसला गेला. जुलैमध्ये ५७ हजार जर्मन कैदी मॉस्कोच्या रस्त्यांवरून चालवत नेले. भाच्याला हे नक्की सांगा. नॉर्मंडी मोठंच होतं, पण तोवर फक्त कधी संपणार एवढाच प्रश्न उरला होता.

इंजिनवाला

काळाचा मुद्दा मान्य. दुरुस्ती घेतली.

सोलापुरी_चादर

सगळे १९३९ आणि १९४१ धरून बसलेत. चीनमध्ये युद्ध ७ जुलै १९३७ लाच पेटलं होतं. जपानचं लाखोंचं सैन्य आठ वर्षं चीनमध्ये अडकून पडलं, ते मोकळं असतं तर ब्रह्मदेश आणि पॅसिफिकमध्ये काय झालं असतं, याचा विचार करा.

आमच्या सोलापूरच्या पोराला हे आधी कळलं होतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय अवघं ३२. ज्या आठवड्याबद्दल भीमाकाठ लिहितात, त्याच्या बरोबर एक वर्षाने.

भीमाकाठ

हे डोक्यातच आलं नव्हतं. आपण युरोपची तारीख धरून चालतो हे खरं.

रणांगण_वाचक

चीनला जोडून एक विसरलेली लढाई. खाल्खिन गोल, ऑगस्ट १९३९, मंगोलियाच्या सीमेवर. रशियन सेनापती झुकोव्हने जपानी फौजेचा असा धुव्वा उडवला की उत्तरेकडे जायची जपानी लष्कराची हौस फिटली. एप्रिल १९४१ मध्ये रशिया-जपान तटस्थता करार झाला. मग टोकियोतून रिचर्ड झोर्गे या रशियाच्या हेराने कळवलं की जपान दक्षिणेकडे वळतोय, सायबेरियावर येणार नाही. पूर्वेच्या डिव्हिजन मॉस्कोकडे हलवता आल्या. भीमाकाठ, तुमच्या ५ डिसेंबरच्या मागे ते आहे.

दर्यावर्दी

जमिनीवरचे लोक समुद्र विसरतात, याची मला सवय आहे. मी व्यापारी जहाजांवर होतो, माझे आजोबाही होते, रत्नागिरीकडचे. इंग्रजांच्या बोटींवर डेकवर कोकणी माणूस आणि सलूनमध्ये गोयंकार, हे ठरलेलं असे. पाणबुडीने बोट फोडली की बुडणाऱ्यांत आपलेही असत. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे. लोक समोरून जातात, आत कुणी जात नाही. एकदा जा.

कलाटणी अटलांटिकमध्ये मिळाली, मे १९४३ मध्ये. मार्चपर्यंत जर्मन पाणबुड्या ताफेच्या ताफे बुडवत होत्या. त्या वाटेने माल गेला नसता तर ब्रिटन उपाशी, रशियाला ट्रक नाहीत, नॉर्मंडी नाही. मे महिन्यात उलटं झालं. एका महिन्यात ४१ पाणबुड्या गेल्या आणि २४ तारखेला जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घेतल्या. लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, छोट्या लाटेचं रडार, ताफ्यासोबत छोट्या विमानवाहू नौका, आणि ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या गुप्त केंद्रात फोडलेली सांकेतिक लिपी. सगळं एकाच वेळी जुळून आलं.

लिपी फोडली ती नुसती गणितात डोकं घालून नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात यू-५५९ ही पाणबुडी बुडत असताना दोन ब्रिटिश नाविक आत उतरले आणि संकेतांची पुस्तकं वर दिली. पुस्तकं वाचली, ते दोघं पाणबुडीबरोबर खाली गेले. शिडीवरून किती खाली उतरायचं हे माणूस अशा वेळी कसं ठरवत असेल, हा प्रश्न मी जहाजावर असताना पुष्कळदा मनात आणला आहे.

मांडवी_तीर

दर्यावर्दीबाब, समुद्राची गोष्ट निघाली तर आमचं मुरगाव बंदर राहू नये.

पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. १९३९ मध्ये एरेनफेल्स आणि आणखी काही जर्मन जहाजं, एक इटालियन, असा ताफा इथे आसऱ्याला आला आणि अडकला. पुढे ब्रिटिशांना संशय आला की एरेनफेल्सवरून हिंदी महासागरातल्या पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात. तटस्थ बंदरात नौदल पाठवणं शक्य नव्हतं. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले पोक्त गृहस्थ, एरवी कचेऱ्यांत काम करणारे, एका जुन्या गाळ काढायच्या बोटीतून गोव्यात आले. ९ मार्च १९४३ ची रात्र. कार्निव्हालची रात्र, अर्धे खलाशी किनाऱ्यावर. हे एरेनफेल्सवर चढले, आणि जर्मनांनी स्वतःच जहाजं बुडवली. पोर्तुगीजांनी खलाशांना तुरुंगात घातलं. ही हकिकत कित्येक वर्षं बाहेर आली नव्हती.

माझी आजी वास्कोला होती. ती म्हणायची, कार्निव्हालच्या रात्री बंदरात आभाळ लाल झालं आणि आम्हाला वाटलं शोभेची दारू उडवतात. कलाटणी नव्हे ही, हे मला कळतं. पण मे १९४३ मध्ये पारडं फिरलं त्यात मार्चचा आमचा एक गुंजभर वाटा असेल.

लिंबोणी

पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळची लढाई कुणीच कशी नाही म्हटली? ४ जून १९४२. जपानी संदेशात "एएफ" हे ठिकाण कोणतं ते कळेना. अमेरिकनांनी मिडवेकडून उघड भाषेत कळवायला लावलं की आमचं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलंय. थोड्याच वेळात जपानी संदेश पकडला, "एएफवर पाण्याची टंचाई". झालं, ठिकाण कळलं. सकाळी साडेदहाच्या आधी पाचेक मिनिटांत तीन विमानवाहू नौका पेटल्या, संध्याकाळी चौथी. पाण्याच्या तक्रारीवर एवढं मोठं युद्ध फिरतं हे आमच्या सोसायटीच्या सभेत सांगायला हवं.

करवीरकर

लिंबोणी, हे फलकावर लावा.

आता माझं उत्तर. २२ जून १९४१, पण रणगाड्यांसाठी नाही. १९३९ ला रशियाने पूर्व पोलंड घेतला आणि तिथली लाखो माणसं सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. हिटलरने रशियावर चाल केली तेव्हा स्टालिनला पोलंडशी जुळवून घ्यावं लागलं आणि या लोकांना सोडायचं ठरलं. ते इराणमध्ये आले, तिथून जगभर विखुरले, आणि पाचेक हजार जण आमच्या कोल्हापूरशेजारी वळिवड्याला आले. १९४३ ते १९४८. स्वतःच्या शाळा, चर्च, नाटकं. माझ्या आजीकडे त्यांच्यातल्या एका बाईने भरतकाम केलेला रुमाल आहे. भाषा एकमेकींना येत नव्हती, आजी दूध घालायला जायची एवढाच संबंध. नंतर ती मुलं म्हातारी होऊन कोल्हापूरला येऊन गेली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

सैन्याच्या नकाशावर त्या दिवशी बाण पूर्वेकडे गेले. पण त्याच दिवसामुळे एका दहा वर्षांच्या पोलिश पोरीला कोल्हापूर दिसलं. मला तीच कलाटणी वाटते.

माणदेशी_लेक

सगळा धागा वाचला. मला यातलं फार कळत नाही, एक विचारायचं आहे.

माझे पणजोबा फौजेत होते, मराठा पलटणीत. माण तालुक्यातलं गाव. युद्धाला गेले, परत आले, १९८१ ला वारले. कुठे लढले ते कधीच सांगितलं नाही. विचारलं तर "पूर्वेला होतो" एवढंच. ट्रंकेत एक तारा आहे सहा टोकांचा, त्याची फीत मधोमध लाल आणि दोन्ही कडांना निळी, निळ्यात बारीक नारिंगी रेघ. काही कागद आहेत, इंग्रजी, पुसट. मागे एका कार्यालयात चौकशी केली तर तीन खेपा घालूनही नीट उत्तर मिळालं नाही. इथे कुणाला काही सांगता येईल का?

निवृत्त_फौजी

ताई, तो बर्मा स्टार आहे. म्हणजे पणजोबा ब्रह्मदेश आघाडीवर होते. कागदांवर पलटणीचा आकडा शोधा. ५ एमएलआय असं काही असेल, त्याच्या आधी एक आकडा आणि तिरकी रेघ. तो आधीचा आकडा महत्त्वाचा. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट, तिच्या पलटणी सगळीकडे होत्या. इटलीत मराठ्यांनी दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. ३/५ चे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला तायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशिनगन बंद पाडून पडले. १/५ चे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. घाडग्यांच्या स्मरणार्थ इटलीतल्या मोन्तोने गावाने २०२३ मध्ये सूर्यघड्याळ उभारलं.

पण तुमच्याकडे बर्मा स्टार आहे, म्हणजे इटली नाही. आकडा कळवा.

रणांगण_वाचक

फौजीसाहेब, ब्रह्मदेश निघालाच आहे तर इंफाळ-कोहिमा या यादीत कुठे बसतं ते तुम्हीच लिहा.

निवृत्त_फौजी

माझी दोन पोस्टिंग मणिपूर-नागालँडला झाली, म्हणून लिहितो.

मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुचीने सुमारे ८५ हजार सैन्य ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून पाठवलं. सोबत तीन आठवड्यांचं धान्य आणि जनावरांचे कळप, चालतं अन्न म्हणून. त्यातली पुष्कळ जनावरं नदीत आणि डोंगरात मेली. इंफाळचं भांडार ताब्यात येईल आणि त्यावर पोट भरेल, हा हिशेब. ते भांडार कधी मिळालंच नाही. ब्रिटिश सेनापती स्लिमने वेढ्यातल्या इंफाळला विमानांनी रसद पोचवली. आराकानहून पाचवी हिंदी डिव्हिजन तोफा आणि खेचरांसकट विमानात घालून आणली. स्टालिनग्राडला जे गोअरिंगला जमलं नाही ते इथे जमलं. शेवंतीताईंचे टन आठवा.

कोहिमाला डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना दोन फौजा होत्या. हातबॉम्ब फेकायचं अंतर. आज तिथे दफनभूमी आहे आणि कोर्टाच्या रेषा पांढऱ्या काँक्रीटने आखल्या आहेत. वरच्या बाजूला हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक, ९१७ नावं. मी दर रविवारी नावं वाचायचो. जपानी परतले तेव्हा त्यांचे सुमारे तीस हजार मेले होते, बरेचसे भुकेने आणि रोगाने. सातो या त्यांच्या डिव्हिजन कमांडरने हुकूम मोडून माघार घेतली.

समोरच्या बाजूने आझाद हिंद सेनाही होती हे विसरून चालणार नाही. १४ एप्रिलला मोइरांगला तिरंगा फडकला. दोन्हीकडे आपलीच माणसं होती. मणिपुरी म्हातारे दोघांबद्दल एकाच सुरात बोलतात.

लिंबोणी

१४ एप्रिल १९४४? त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं. माझे आजोबा भायखळ्याला होते, खिडक्यांची तावदानं घरात आली. ६६ अग्निशामक जवान गेले. एकाच दिवशी मोइरांग आणि मुंबई, हे मला आज कळलं.

माणदेशी_लेक

काल गावी जाऊन आले. कागद उन्हात धरून वाचला. ४/५ असं आहे. पुढे एम आणि एल दिसतात, बाकी पुसलंय. मागच्या बाजूला पेन्सिलने देवनागरीत काहीतरी आहे. "सांगशाक" असं वाचता येतं. हे काय आहे?

निवृत्त_फौजी

ताई, हे गाव आहे. उखरुलच्या रस्त्यावर, नागा गाव, डोंगरमाथ्यावर. मी तिथे गेलो आहे.

मार्च १९४४ च्या तिसऱ्या आठवड्यात जपानी तिथे आले तेव्हा समोर ४/५ मराठा आणि पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड होती. तारेचं कुंपण नव्हतं, खडक असल्यामुळे खंदक खोल जात नव्हते. विमानातून टाकलेला माल बराचसा जपान्यांच्या हातात पडला. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला तोवर धरून ठेवलं. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा मिळाला, तो इंफाळला पोचवला. जपान्यांची जी तुकडी तिथे अडकली ती कोहिमाकडे निघालेली होती. तिचे दिवस गेले, आणि तेवढ्या दिवसांत कोहिमाला माणसं पोचली.

सगळ्यात मोठे हाल पाण्याचे झाले. माथ्यावर पाणी जवळजवळ नव्हतंच. जखमींना घोटभर द्यायचं तर बाकीच्यांनी कोरडं राहायचं.

माणदेशी_लेक

पणजोबा पेल्यात उरलेलं पाणी कधी टाकू द्यायचे नाहीत. पाहुण्याने अर्धा पेला ठेवला तर स्वतः उचलून प्यायचे. आई लहानपणी लाजायची त्यांच्यामुळे. आम्ही माणचे, बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांनी भोगलेला, त्यामुळे त्यात वेगळं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

आईला फोन करून आत्ता सांगितलं. ती काही बोलली नाही, फोन धरून बसली.

भीमाकाठ

दोन दिवस इथे काही लिहावंसं वाटलं नाही.

मूळ प्रश्नावर माझं मत अजून डिसेंबर १९४१ वरच आहे, पण रणांगण_वाचक यांनी सुरुवातीला केलेला फरक मला आता पटतो. त्या आठवड्यात जर्मनीचं जिंकणं संपलं. हरणं पुढे ठिकठिकाणी घडवावं लागलं. स्टालिनग्राडच्या बगलांवर, अटलांटिकमध्ये, उरलच्या छप्पर नसलेल्या शेडमध्ये, आणि एका कोरड्या डोंगरमाथ्यावर. भाच्याला धागा वाचायला दिला. त्याने नकाशाच्या पुस्तकात सांगशाक शोधलं, सापडलं नाही, मग स्वतः पेन्सिलने ठिपका दिला. बरोबर जागी आहे का ते फौजीसाहेबांना विचार म्हणतोय. उखरुलच्या दक्षिणेला दिलाय.

निवृत्त_फौजी

बरोबर आहे. थोडा नैर्ऋत्येला घ्या, इंफाळच्या वाटेवर.

माणदेशी ताई, जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च. इंफाळहून उखरुल रस्त्याने सकाळी निघालात की दुपारच्या आत पोचता. गावातली माणसं जागा दाखवतात. मला आधी कळवा, मी येतो सोबत.

माणदेशी_लेक

आई येते म्हणाली आहे. मार्चमध्येच जाऊ, शेवटच्या आठवड्यात.